लेकीच्या गावी तीस किलोमीटर

आधीच सांगून टाकतो, मी वाळवंटात शर्यत पळायला गेलो होतो. लेकीला भेटायला गेलो नव्हतो. निदान निघताना घरात, गल्लीत आणि टेकडीवरच्या सकाळच्या मंडळींत मी हेच सांगत होतो, आणि सांगताना कुणी गालात हसलं की माझं डोकं फिरत होतं.

मी राहतो पुंडलिकनगरात, मूळ गाव वैजापूरकडचं. बिडकीनच्या रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमधल्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, नवी तार भरायची, परत जोडून द्यायच्या. वय छप्पन्न. डॉक्टरांनी साखरेचं नाव काढलं तेव्हा रेणूनं, म्हणजे माझ्या एकुलत्या एक लेकीनं, मला हाताला धरून विद्यापीठामागच्या टेकडीवर नेलं. पहिल्या दिवशी मी जेमतेम दोन विजेचे खांब पळालो आणि दगडावर बसकण मारली. "काय बाबा, मोटार जळाली का?" म्हणून ती पोट धरून हसली. वर्षभरात मी तिच्या बरोबरीनं पळायला लागलो. सकाळी साडेपाचला दोघं निघायचो, उतरताना एका टपरीवर कटिंग चहा घ्यायचो आणि घरी तिच्या आईला सांगायचो, चहा घेतला नाही.

ती तेव्हा एम.एस्सी. करत होती. तिच्या वर्गात जैसलमेरकडचा एक मुलगा होता, किशन. पुढं काय झालं ते सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं. तिनं विचारलं, मी नाही म्हणालो. तिनं परत विचारलं, मी परत नाही म्हणालो. मग एका दुपारी दोघं लग्नाची नोंदणी करून थेट दारात उभे राहिले. रेणू पाया पडायला वाकली आणि मी पाय मागं घेतले. "आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही मी," असं ओरडलो. सगळ्या गल्लीनं ऐकलं. ती सरळ झाली, आईकडं बघून "येते" म्हणाली आणि गेली. त्याला तीन वर्षं झाली.

पळणं मात्र मी सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटायचं. चढ लागला की मान आपोआप डावीकडं वळायची, ती डाव्या बाजूनं पळायची म्हणून. टपरीवाला एकच कप पुढं करायचा. माझी लेक मला रोज आठवत होती, रोज, आणि हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

माझी बायको सुमन रेणूशी फोनवर बोलायची. स्वयंपाकघरात, कुकर लावून, म्हणजे शिट्ट्यांत मला ऐकू येऊ नये. दिवाळीनंतर एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "वाळवंटात एक शर्यत हाय म्हणं. तीस किलोमीटर. चाळीसच माणसं. म्या तुमचं नाव देऊन टाकलं."

"कुठं?"

"जैसलमेरच्या पुढं."

"पुढं म्हणजे कुठं?"

"आता वाळवंटात गावाचं नाव कोण इचारतं, बाई!" ती मेथीकडंच बघत होती.

मला कळलं. मला कळलंय हे तिला कळलं. मी घसा साफ करून म्हणालो, "शर्यतीपुरताच जाईन हां."

"मग! तिथं तुमचं दुसरं काय काम हाय?"

असा मी निघालो. 'लेकीकडं जा' म्हणाली असती तर सात जन्मांत गेलो नसतो, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पिशवीत तिनं वीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बुटांच्या खाली, मला न दाखवता, कापडात बांधलेला एक डबा घातला होता.

गावात

गाड्या बदलण्याचं पुराण सांगत नाही. दोन रात्री आणि एक दिवस गेला, पाठीचा कणा मोकळा झाला, एवढं पुरे. जैसलमेरहून पुढं बस होती.

वाळवंट म्हणजे नुसते वाळूचे पिवळे ढीग, असं मला वाटायचं. तसं काही नाही. आमच्या वैजापूरकडचा मुरमाड माळ दहापट मोठा करून त्याच्यावर वाळू शिंपडावी, तसा तो मुलूख आहे. जिथं तिथं गवताचे ताठ झुबके, रुईची झाडं, मधूनच बाभळीच्या भावकीतलं खेजडीचं झाड. ढीग आहेत, पण मधूनमधून. पवनचक्क्या आहेत आणि त्यांच्या पायाशी मेंढरं चरतात. जानेवारीचा महिना होता आणि खिडकीतून असा गार वारा येत होता की कानटोपी काढवेना. दुष्काळाचं नाव काढलं की आम्ही मराठवाड्याची माणसं छाती पुढं काढून बोलतो, जसा काय तो आमचाच शोध. तिथं दर घराच्या अंगणात जमिनीत बांधलेलं पावसाच्या पाण्याचं टाकं पाहिलं, त्याच्या झाकणाला कुलूप पाहिलं, आणि मी गप बसलो. आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून मी किती शिव्या देतो ते आठवलं.

बसथांब्यावर किशन मोटारसायकल घेऊन उभा होता. तो वाकला. मी पाय मागं घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. "राहू द्या, राहू द्या," असं काहीतरी पुटपुटलो. जावयाला अरे म्हणावं की अहो, हेच ठरलेलं नव्हतं.

"चला बाबा, बसा," तो चक्क मराठीत म्हणाला. "लई गार हाय ना?"

चार वर्षं आमच्या शहरात राहून पोरगं 'लई' शिकून आलं होतं. मला हसू येत होतं ते मी कानटोपीत दाबलं.

गाव म्हणजे चाळीस-पन्नास घरं आणि लांब लांब विखुरलेल्या वस्त्या. वस्तीला तिकडं ढाणी म्हणतात. किशन आणि रेणू तिथं पाहुण्यांसाठी पाच-सहा गोल झोपड्या चालवतात, आणि वर्षातून एकदा ही शर्यत घेतात. शर्यत कसली, गावची जत्राच. फलक नाही, भोंगा नाही. नंबर कापडाच्या तुकड्यावर हातानं लिहिलेले. जिंकणाऱ्याला गावातच विणलेली लोकरीची शाल. पळणाऱ्यांत बंगळूरची चार पोरं होती, नाशिकचा एक दाताचा डॉक्टर होता आणि बिकानेरचे एक निवृत्त पोस्टमन होते, कापडी बूट घालून आलेले. ते म्हणाले, "चाळीस साल चिट्ठी बाँटी, अब खाली हाथ चलता हूँ." आम्ही सगळे शाळेच्या वर्गात उतरलो.

नंबर वाटायला रेणू बसली होती. शाळेच्या ओट्यावर, पुढ्यात वही, डोक्यावरून लाल ओढणी. मी रांगेत होतो. माझ्यापुढं सहा माणसं होती आणि मी त्या सहा माणसांच्या खांद्यांवरून तिच्याकडं बघत होतो. वाळली होती. उन्हानं रंग उतरला होता. बोलायची तऱ्हा तीच, हात हलवून, समोरच्याला शेंगदाणे वाटल्यासारखी. माझा नंबर आला. तिनं वर पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

मी पिशवीतून तो डबा काढला. "आईनं दिलंय."

"हं." तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला. मग कापडाचा तुकडा पुढं केला. "गुडघा कसा आहे, बाबा?"

"बरा आहे."

मागून कुणीतरी पुढं सरकलं, म्हणून मी बाजूला झालो. तीन वर्षांत मी मनातल्या मनात तिच्याशी इतकं बोललो होतो, भांडलो होतो, रडलोसुद्धा होतो. आणि तोंडातून काय निघालं, तर 'बरा आहे'. मोटार बरी आहे म्हणून गिऱ्हाइकाला सांगतात तसं.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात पंगत बसली. बाजरीच्या जाड भाकऱ्या, त्यावर तुपाची धार, केर-सांगरीची, म्हणजे रानातल्या फळा-शेंगांची भाजी, ताकाची कढी, लसणाची लालभडक चटणी. वासानंच जीव कासावीस झाला. मी पोस्टमनच्या शेजारी मांडी घालून बसलो. वाढपी आले. डॉक्टरच्या पुढ्यात थाळी आली, पोस्टमनच्या पुढ्यात आली, आणि मला ओलांडून पुढच्याला गेली. मला वाटलं, चुकून झालं असेल. तेवढ्यात किशन हात जोडून आला. "बाबा, तुमचं तिकडं मांडलंय."

तिकडं म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात, एक खाट. त्यावर फडक्यात बांधलेला एकट्याचा डबा. खाली एकट्याचं मडकं, गळ्याला लाल चिंधी बांधलेलं.

आता आमच्याकडं भरल्या पंगतीतून उठवून एखाद्याचं पान वेगळं मांडणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या आजोबांनी त्यावरून सख्ख्या चुलत्याच्या दारात परत पाऊल ठेवलं नव्हतं. माझ्या कानशिलात आग लागली. मी म्हणालो, "मला भूक नाही."

"बाबा, हे मुद्दाम पलीकडच्या ढाणीवरून तुमच्यासाठी..."

"भूक नाही म्हणलं ना!"

शाळेच्या मागं जाऊन, भिंतीला पाठ लावून मी सुमनचे धपाटे खाल्ले. थंडगार झाले होते. जैसलमेरात विकत घेतलेलं बाटलीतलं पाणी प्यायलो. लेकीनं सूड घेतला, माझं पान वेगळं केलं, असं मनाशी म्हणालो. घेऊ दे, म्हणालो. तिचा हक्क आहे. पण मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. भिंतीपलीकडं ती पंगतीत वाढत होती, "और लीजिए ना, और लीजिए" असा आग्रह करत होती. तो आवाज ऐकत मी तिथं बराच वेळ बसून राहिलो.

शर्यत

सकाळी राखेनं एक रेघ ओढली होती. गावच्या सरपंचांनी थाळी वाजवली आणि आम्ही चाळीस जण पळालो.

पहिले पाच किलोमीटर मी राजा होतो. जमीन टणक, हवा गार, पूर्वेला सूर्य वर आलेला आणि आमच्या सावल्या पार पुढच्या गवताच्या झुबक्यापर्यंत लांबलेल्या. रस्ता म्हणजे खेजडीच्या फांद्यांना बांधलेल्या चिंध्या. एक बांधलेली चिंधी गाठायची, दुसरी शोधायची. दूरवर दोन हरणं उभी राहून आमच्याकडं बघत होती. चाळीस माणसं मागं कुणी लागलेलं नसताना का पळतायत, असा त्यांच्या तोंडावर भाव होता. मी मान डावीकडं वळवली. तिथं नाशिकचा डॉक्टर होता.

मग वाळू लागली. टेकडीवरची माती पायाला परत ढकलते. वाळू पाय धरून ठेवते. दोन पावलं वर, एक खाली. उतारावर भुरट नावाचं गवत आहे. त्याची काटेरी बोंडं मोज्यांत घुसली की दर पावलाला सुई टोचते. मी तीनदा बसून मोजे उलटे केले. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा बिकानेरचे पोस्टमन कापडी बुटांनी शांतपणे पुढं निघून गेले. म्हणाले, "मोज़े ही मत पहनो."

दहाव्या किलोमीटरला पाण्याचा पहिला थांबा होता. पिंप, दोन पेले आणि गावातला एक म्हातारा. मी पेल्याला हात घातला. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि लांब बोट दाखवलं. "आपका वो है." झाडाखाली मडकं होतं. गळ्याला लाल चिंधी.

इथंसुद्धा! मला वाटलं आता थाळी वाजवूनच सांगायचं राहिलंय, की हा माणूस आमच्यात नको. माझ्या पाठीवर एक लिटरची बाटली होती. तिच्यावर तीस किलोमीटर काढून दाखवीन, असं ठरवून मी तसाच पुढं गेलो. रागानं माणूस दोन किलोमीटर फार छान पळतो. तिसऱ्या किलोमीटरला राग संपतो आणि माणूस उरतो.

अठराव्या किलोमीटरला बाटली संपली. हिवाळा असला तरी अकराचं ऊन वाळूवरून खालून वर येत होतं. जीभ टाळूला चिकटायला लागली. मी चालायला लागलो. चालता चालता माझ्यातला सगळा माज वाळूत झिरपला म्हणा ना. छप्पन्न वर्षांचा बाप मी. लेक जिथं राहते त्या मुलखात आलोय, आणि तिच्याशी दोन शब्द बोलून परत जाणार आहे. कशासाठी? मी ओरडलो ते एक वाक्य खरं ठरावं म्हणून? तिथं, त्या उन्हात, मी ठरवलं. पुढच्या थांब्यावर रेणू आहे हे मला माहीत होतं, ती काल सगळ्यांना सांगत होती. तिच्यापुढं जायचं आणि म्हणायचं, रेणू, पाणी दे. तिच्या हातचं प्यायचं. बास झालं.

एकविसाव्या किलोमीटरला एका झोपडीच्या सावलीत ती उभी होती. शेजारी तिच्या सासूबाई, मला बघताच पदर हनुवटीपर्यंत ओढलेल्या. मध्ये पाण्याचं पिंप. मी धापा टाकत जाऊन उभा राहिलो आणि ओंजळ पुढं केली. "रेणू, पाणी दे."

रेणूनं पेला भरला. तो पेला माझ्यापर्यंत यायच्या आत सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "ना, ना, ना," असं म्हणत पेला खाली ठेवायला लावला आणि झाडाकडं बोट केलं. तिथं तेच. लाल चिंधीचं मडकं.

माझा तोल गेला. "मी ओंजळ धरून उभा आहे, रेणू! पाणी तोडलं का तुम्ही माझं? एवढा वाईट आहे का मी?"

"बाबा, ओरडू नका." ती माझ्या अगदी जवळ आली, मराठीत, हळू आवाजात बोलायला लागली. "त्यांना वाटेल तुम्ही चिडलात. पिंपातलं पाणी आपल्या घरच्या टाक्याचं आहे. इकडं बाप लेकीच्या सासरचं पाणी पीत नाही. जुनी रीत आहे. लेक देऊन टाकली, आता तिच्या घरचं काही घ्यायचं नाही. काही म्हातारे तर त्या गावच्या विहिरीचंसुद्धा पीत नाहीत. म्हणून सासूबाईंनी तुमचं पाणी आणि तुमचा डबा सात किलोमीटरवरच्या ढाणीवरून आणला. त्यांच्याशी आपलं काही नातं नाही, म्हणून. स्वतः उंटगाडी घेऊन गेल्या होत्या दोन्ही दिवस."

पुढं धरलेली ओंजळ मी खाली घेतली.

"आणि तुम्ही इतकी वर्षं का येत नाही असं सगळे विचारायचे. मी सांगितलं, माझे बाबा जुन्या वळणाचे आहेत. आमच्याकडंही असंच मानतात. लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, म्हणून येत नाहीत. त्यांना फार कौतुक आहे तुमचं, बाबा. गावात सांगतात, आमचे ब्याई म्हणजे रीतीला पक्का माणूस."

व्याह्याला तिकडं ब्याई म्हणतात. पदराआडून सासूबाई मान डोलवत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण सून बापाला रीत समजावून सांगतेय एवढं दिसत होतं.

माझी शिवी माझ्या लेकीनं तीन वर्षं रीत म्हणून सांभाळली होती. मी तिला दारातून हाकललं, हे तिनं त्या गावात एका माणसाला कळू दिलं नव्हतं. मी झाडाखाली गेलो. मडक्यातलं पाणी तिनं ओतलं नाही, मीच ओतून घेतलं. गार होतं, गोड होतं. पिताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते घामात मिसळतंय म्हणून मला जरा बरं वाटत होतं. तीन वर्षं मी ज्या हातचं पाणी नाकारलं, त्याच हातचं प्यायला मी तरसत होतो, आणि आता ते मला मिळणार नव्हतं. माझ्याच मानासाठी मिळणार नव्हतं.

उरलेले नऊ किलोमीटर कसे पळालो ते आठवत नाही. सदतिसावा आलो. राखेच्या रेघेवर पोस्टमन माझी वाट बघत उभे होते. आपले मोजे त्यांनी कधीच काढून खिशात घातले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी

निघायच्या आधी किशन मला घरी घेऊन गेला. शेणानं सारवलेलं अंगण, मध्ये खाट. मला चहा विचारला नाही, मी मागितला नाही. आता रीत मला कळत होती. समोर ओट्यावर सासूबाई पाठमोऱ्या बसल्या, पदर पुढं ओढून, आणि किशनकडं तोंड करून माझ्याशी बोलल्या.

"ब्याईजी, तीन बरस हो गए. गाँव हमको बोलता है, तुमने बहू को पीहर नहीं भेजा, बाँध के रखा. हम क्या बोलें? अब आप खुद लेने आए. हमारी इज़्ज़त रह गई."

असं म्हणून त्यांनी आतून एक पिशवी आणून माझ्या खाटेशी ठेवली. निळी, नवी, गच्च भरलेली. वर सुमनसाठी एक लाल-पिवळी ओढणी घडी करून ठेवलेली.

मी पिशवीकडं बघतच राहिलो. पीहर म्हणजे माहेर; आमच्याकडं तरी काय वेगळं आहे? दिवाळीला, पंचमीला, माहेरचा माणूस न्यायला येतो तेव्हाच लेक निघते. मुराळी आल्याशिवाय कोण जातं? तीन वर्षं आमच्या घरातून कुणी गेलं नव्हतं आणि बोल त्या बाईनं खाल्ले होते. त्यांना वाटलं होतं बाप लेकीला न्यायला आलाय, आणि बरोबर शर्यतही पळून घेतोय. उलटं असेल, हे त्यांच्या मनात येण्यासारखंच नव्हतं.

"हाँ जी," मी म्हणालो. "लेने ही आया हूँ."

रेणू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती सासूबाईंना म्हणाली, "माँसा, मी बाबांना बसपर्यंत सोडून येते." हिंदीत म्हणाली, पण मला ते असंच ऐकू आलं. आणि त्यांनी काही विचारायच्या आत ती निघाली. पिशवी खाटेपाशीच राहिली.

थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ती डाव्या बाजूला होती. कितीदा मनात आलं, हा रस्ता असाच वैजापूरपर्यंत जावा. रस्ता संपला. बस यायला वेळ होता.

"चल ना," मी म्हणालो. "पिशवी घेऊन ये. आई वाट बघतीये."

"बाबा, तुम्ही कशाला आला होतात?"

"तुला न्यायला."

"खरं सांगा."

मी वाळूत बुटाचं टोक फिरवलं. "शर्यतीला."

"हां. शर्यत छान झाली तुमची." ती हसली, पण डोळे भरले होते. "माँसांनी पिशवी आणून ठेवली नसती, तर तुम्ही म्हणला असता का न्यायला आलो म्हणून?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी बस दिसते का ते बघायला रस्त्याकडं मान वळवली.

"तुमची मान खाली जाऊ नये म्हणून तुम्ही हो म्हणालात. तेवढ्यासाठी मी नाही येणार, बाबा. मला आईची इतकी आठवण येते की कधीकधी वाटतं पळतच निघावं. टेकडीची येते. तुमचीसुद्धा येते, काय करू? पण अशी नाही येणार. मला न्यायला या. नुसतं मला न्यायला. त्या दिवशी पिशवी मी स्वतः भरीन."

"आणि सासूबाईंना काय सांगशील आता?"

"सांगते काहीतरी. बाबा म्हणाले, आईला घेऊन परत येतो, मग दोघं मिळून नेतो."

माझ्यासाठी ती परत एकदा खोटं बोलणार होती. बस आली. ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कंडक्टरनं दोनदा हाक मारेपर्यंत तो उचलला नाही.

पुंडलिकनगर

सुमननं दार उघडलं आणि माझ्या पाठीमागं पाहिलं. मागं रिक्षावाला होता. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं. ओरडलो तेही सांगितलं, पंगतीतून उठलो तेही. उंटगाडीचं सांगितलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला.

"आन् तुम्ही त्या माउलीला इतकं लागेल असं बोलला?"

"त्यांना मराठी येत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग उठली, डोळे पुसले आणि कपाटातून तिची जाणारी-येणारी साडी काढली. "तिकिटं कधीची मिळत्यात ते बघा. जाताना दोन, येताना तीन."

त्याला आता बारा दिवस झाले. उद्या सकाळी गाडी आहे. रेणूला कळवलेलं नाही. कळवलं तर ती नको म्हणेल का, या भीतीनं मी फोन हातात घेऊन ठेवून देतो. ती येईलच असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. तीन वर्षं ती दूर राहिली ते माझ्यामुळं. आता ती आली नाही तर तेही माझ्यामुळंच.

रोज सकाळी टेकडीवर चढताना मी एकच वाक्य म्हणून बघतो. "रेणू, तुला न्यायला आलो." मोठ्यानं म्हणतो. येणारी-जाणारी मंडळी बघतात. पहिले चार दिवस 'तुला न्यायला'च्या पुढं आवाज फुटायचा नाही. आज पूर्ण म्हणता आलं. घरी येऊन सुमनला म्हणून दाखवलं, उंबऱ्यात उभं राहून, तिकडं म्हणेन तसंच.

ती भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं. "बरं हाय," ती म्हणाली. "पण चुकलं माझं, हेबी म्हणा."

"ते पण?"

"ते आधी."